एडक्याचा कौल

आमच्या हरिओमचं जावळ काढलं ते साल दोन हजार तेवीस. हरिओम म्हणजे माझा धाकटा भाऊ भुजंग, त्याचा नातू. चैत्र संपत आला होता. ऊन असं की मेंढरं सकाळीच बाभळीखाली एकमेकांच्या पोटाखाली माना घालून उभी राहायची. जनावराला सावली कळते. माणसाचं तसं नाही. त्याच उन्हात, पेडगावच्या पुढे आमच्या वाडीच्या माळावर, दर गुरुवारी आणि रविवारी शेकड्यांनी माणूस एका एडक्यापुढे हात जोडून बसायचं.

एडका म्हणजे नर मेंढा. त्याचं नाव मल्हार. काळाभोर, वळलेल्या शिंगांचा, गळ्यात घुंगरं, अंगावर वितभर लोकर. परभणीहून ॲटो भरून यायचे, मानवतकडून एकेका मोटारसायकलवर तिघं तिघं. रसवंती लागली, नारळाची दुकानं लागली, चपला सांभाळायला एकजण बसला. एडक्याच्या बाजूला गादीवर तात्याराव महाराज, हातात माईक.

हे तात्याराव महाराज होण्याआधी लग्नांमध्ये माईकवर सूचना द्यायचे. 'वधूच्या मामांनी वधूला घेऊन मंडपात यावे, मुहूर्त टळत आहे', हे त्यांचं रोजचं वाक्य. आवाज कमावलेला होता. धंदा बदलला, माईक तोच राहिला.

"भक्तहो, शांतता राखा! शांतता राखा!" तात्याराव सुरू व्हायचे. "हा एडका न्हाई, हे देवाचं कोर्ट हाय! हितं वकील लागत न्हाई, तारीख पडत न्हाई. मल्हारबाबानं अंग झाडलं तर व्हय, न्हाई झाडलं तर न्हाई. ह्याच्यावर हायकोर्ट न्हाई, सुप्रीम कोर्ट न्हाई! मागच्यायनं बसून घ्यावे!"

अंग झाडण्याची ही रीत तात्यारावनं काढलेली नाही, ती आमचीच. आम्ही मेंढरं पाळणारी माणसं. देवाला बोकड द्यायचा तर आधी त्याच्या अंगावर पाणी सोडतात. त्यानं अंग झाडलं की देवानं मानलं. नाही झाडलं तर पुन्हा पाणी, पुन्हा हात जोडणं, नवसात काही राहिलं का याची चौकशी, पुन्हा पाणी. शेवटी तो झाडतोच. ओलं झालेलं जनावर दुसरं काय करणार? पण वाडवडलांपासून आम्ही त्याला देवाचा होकार म्हणत आलो. तात्यारावनं एवढंच केलं की आमचा होकार उचलला आणि त्याला माईक लावला.

लोक काय काय विचारायचे! म्हैस गाभण राहील का. पोराला नोकरी लागंल का. आमचे व्यंकटराव, चांगले पंधरा एकरांचे धनी, त्यांनी विचारलं, "बोअरला पानी लागंल का?" एडक्यानं अंग झाडलं. बोअर घेतला, फुफाटा निघाला. व्यंकटराव पुढच्या गुरुवारी तोंड पाडून आले, तर तात्याराव माईकवर म्हणतात, "व्यंकटराव, बोअर खोल गेला, श्रद्धा वर राहिली!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्यंकटरावांनीही वाजवल्या. ते मी या डोळ्यांनी पाहिलं.

हा एडका भुजंगच्याच मेंढरांतला. मागच्या दसऱ्याला त्यानं तो देवाला म्हणून सोडला होता, तो तात्यारावनं आपल्या खुंट्याला बांधला. त्यामुळे भुजंगला तिथे पुढच्या रांगेत मान. आयुष्यभर बांधाबांधावरून 'ए धनगरा, मेंढरं काढ' ऐकलेला माणूस. आता लोक त्याला 'मल्हारबाबाचे मालक' म्हणायचे. हा मान त्याच्या डोक्यात गेला होता. मी दोन वेळा बोलले, तर चारचौघांत म्हणाला, "आक्काला म्हातारपनी वाचाया यायलंय, तवापासून समद्या वाडीला शानपन शिकवायलीय."

जावळाला बोकड कापला. कापण्याआधी पाणी सोडलं, त्यानं झाडलं, सगळ्यांनी हुश्श केलं. पंगती उठल्यावर हाडं वाघ्यापुढे टाकली. वाघ्या म्हणजे भुजंगचा मेंढरांवरचा कुत्रा. असा कुत्रा मी दुसरा पाहिला नाही. लांडगा आला तर आधी मेंढरं गोळा करायचा, मग भुंकायचा.

पुढे थोड्याच दिवसांत तो बदलला. गाडीखाली अंधारात जाऊन पडायला लागला. भुजंगच्या शिटीवर कान हलवीना. भुंकला तर आवाज चिरका, घसा बसलेल्या माणसासारखा. तोंड अर्धं उघडं आणि त्यातून लाळेची तार.

"जावळाचं हाडूक अडकलंय घशात," भुजंग म्हणाला. त्यानं कुत्र्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि मनगटापर्यंत हात त्याच्या तोंडात घातला. चाचपून चाचपून पाहिलं. हाडूक सापडलं नाही. हात बाहेर काढला तेव्हा पंजावर दातांचे ओरखडे होते आणि लाळ कोपरापर्यंत. त्यानं ती धोतराला पुसली.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, भुजंगची सून दीपिका मेंढरांच्या वाड्याचं फाटक उघडायला गेली. वाघ्यानं काही न भुंकता तिची पोटरी धरली. हरिओमची आई ती. त्याच वाघ्याला रोज भाकर घालायची. दात चांगले रुतले. मग तो सुटला, वाकडातिकडा पळत गेला आणि संध्याकाळी शेताच्या धुऱ्यावर मेलेला सापडला.

सकाळी चावल्याबरोबर माझी भावजय अंबाबाई जखमेवर लावायला मिरची-चुना घेऊन धावली. मी तिला बाजूला सारलं, दीपिकाचा पाय नळाखाली धरला आणि साबण लावून धूत राहिले. तेवढ्यात दैवशाला आली. दैवशाला आमच्या वाडीची आशाताई, घरोघर फिरून बाळंतिणींची आणि लसींची चौकशी करते.

"भुजंगमामा, कुत्रं पिसाळलेलं व्हतं. दीपिकाला बी आन् तुमाला बी, दोघायला आजच्या आज इंजेक्शन पायजे. सरकारीत फुकट हाय."

"मला कुठं चावलं? म्या हात घातला त्याच्या तोंडात. चावनं वायलं, दात लागनं वायलं."

"दात लागला, लाळ लागली, तेवढंच पुरतं, मामा."

"अगं, माह्या मांडीवर डोकं ठिवून पडला व्हता. पिसाळलेलं कुत्रं मालकाला वळखंल का?"

"रोग कुत्र्याला झालाय," मी म्हणाले, "त्याला मालक काय आन् चोर काय?"

"तू गप, आक्का."

दीपिका ओल्या पायानं उभी राहिली. "मामंजी, मला जाऊ द्या. अंगावर पितं लेकरू हाय माह्यं."

भुजंगनं पोराकडे, सुरजकडे पाहिलं. सुरज परभणीला ॲटो चालवतो, शहाणा पोरगा. पण बापापुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटते. "उद्या रविवारच हाय," तो पुटपुटला, "मल्हारबाबाचा कौल हू दे. मग नेतो."

"आन् कौल न्हाई आला तर?" दैवशालानं विचारलं.

"येईल की," भुजंग म्हणाला. "एडका माह्या घरचा हाय."

दीपिकाचं बारावीपर्यंत शिक्षण झालेलं. त्या रोगाला एकदा सुरुवात झाली की औषध नाही, हे तिनं शाळेच्या पुस्तकात वाचलेलं.

रविवारी माळावर पाय ठेवायला जागा नव्हती. कुणाला तरी कुत्रं चावलं आणि देव त्याचं इख, म्हणजे विष, उतरवणार, ही बातमी आदल्या दिवशीच मानवतपर्यंत गेली होती. कौल लावणाऱ्यानं एडक्यापुढे कपाळ टेकून डोळे मिटायचे, असा नियम. आधी भुजंग बसला. त्याच्या बाजूला, एडक्याच्या मानेजवळ, दीपिका उकिडवी. हरिओम माझ्या कडेवर.

"भक्तहो!" तात्याराव गरजले. "लोक म्हनतात कुत्रं चावलं. कुत्रं न्हाई, खंडोबाचा वाघ्या! वाघ्यानं दात लावला म्हंजे देवानं शिक्का मारला! सरकारी शिक्का पानी लागलं की पुसतो, हा पुसत न्हाई! आन् ह्या शिक्क्यावर सुई टोचली तर देवाची खूण मोडती, मग त्येची जिम्मेदारी आमच्यावर न्हाई! बोला मल्हारबाबा, भुजंगरावाच्या हातातलं इख उतरलं का?"

त्यानं तांब्यात बोटं बुडवली, भंडारा घेतला, एडक्याच्या कपाळावर लावला, हात मायेनं कानामागून फिरवला. एडक्यानं आधी डोकं झाडलं, मग शिंगापासून शेपटापर्यंत सगळं अंग. घुंगरं खणखणली.

"उतरलं! उतरलं! जोरदार टाळ्या! आता सूनबाईंनी पुढं यावे!"

भुजंगनं डोळे मिटलेलेच ठेवले होते. दीपिकानं मिटले नव्हते. जिच्या पोटरीत दात रुतलेत ती डोळे मिटून कशाला बसेल? ती उठली आणि तिनं तात्यारावच्या पुढचा तांब्या उचलला.

"महाराज, माहा कौल म्या लावते."

"माय, हे बायकायचं काम न्हाई."

"मेंढरं धुवायचं काम बायकायचंच हाय की. पानी वतायचं तेवढं येतंय मला."

पाठीमागच्या बायका हसल्या. तात्याराव माईकमधून काही म्हणणार तोवर तिनं तांब्याभर पाणी एडक्याच्या पाठीवर सोडलं, सावकाश, मानेपासून मागे. "मल्हारबाबा, माह्या पायातलं इख उतरलं का?"

पाणी लोकरीवरून घसरून खाली गेलं. एडका रवंथ करत उभा. एक केस हलला नाही.

"देव न्हाई म्हनला," दीपिका मोठ्यानं म्हणाली.

भुजंगनं मान वर केली.

"पानी चुकलं!" तात्याराव ओरडले. "शांतता राखा! बाई बाळंतीण हाय, तिच्या हातचं देवाला चालत न्हाई!"

"जावळ झालं लेकराचं!" मी उभी राहून ओरडले. "अजून बाळंतीणच हाय व्हय रं? तू बी जेवून गेलास की त्या पंगतीत!"

तेवढ्यात दीपिकानं दोन बोटं तांब्यात बुडवली आणि एडक्याच्या कानात थेंब सोडले. "मल्हारबाबा, उद्या सूर्य मानवतकडून उगवनार का?"

एडक्यानं अंग झाडलं.

मानवत आम्हाला मावळतीकडे. कुणीतरी फिसकन हसलं. तिनं पुन्हा थेंब सोडले. "मग परभनीकडून उगवनार का?"

झाडलं.

"दोन्हीकडून उगवायलाय!" मागून एकजण ओरडला, आणि सगळा माळ हसायला लागला. तात्याराव तांब्या हिसकायला आले, तर बायका मध्ये उभ्या राहिल्या. दीपिकानं या वेळी ओंजळच रिकामी केली कानात. "तात्याराव लोकायला येड्यात काढायलाय, खरं हाय का, मल्हारबाबा?"

एडक्यानं असं झाडलं की गादी, गल्ला, महाराजांचं धोतर, सगळं भिजलं. माईक खरखरला आणि बंद पडला.

"वधूच्या मामाला बोलवा रं!" पोरांनी आरोळी ठोकली.

कसलं कोर्ट आणि कसला देव! मेंढीच्या लोकरीला अंगचं तेल असतं. लोकर वितभर वाढली की वरून ओतलेलं पाणी कातड्यापर्यंत पोचतच नाही, जनावराला पत्ताही लागत नाही. म्हणून 'देवाची लोकर कातरायची न्हाई' असा नियम तात्यारावनं केला होता. लोक म्हणाले, काय ही भक्ती! कान मात्र उघडा असतो. कानात थेंब गेला की मेंढरू झाडणारच, ते त्याच्या हातात नाही, जसं आपल्या नाकात मिरची गेली की शिंक आपल्या हातात नाही. 'नाही' हवं असेल तर पाणी पाठीवर, 'हो' हवं असेल तर भंडारा लावताना ओलं बोट कानाशी. एवढीच ती विद्या.

आणि हे कुणापुढे चाललं होतं? आमच्यापुढे! कातरणीच्या आधी दर वर्षी ओढ्यात मेंढरं धुणाऱ्या माणसांपुढे. मेंढरू पाण्यातून वर येऊन अंग झाडतं तेव्हा आम्ही त्याला शिवी देऊन बाजूला सरतो. तेच मेंढरू दगडापुढे झाडतं तेव्हा पाया पडतो. परभणीचा नोकरदार फसला तर मी समजू शकते, त्यानं मेंढी ताटात पाहिलेली असते. आम्ही कशानं फसलो?

मी व्यंकटरावांना तिथेच विचारलं. ते म्हणाले, "कानात पानी गेलं की झाडतंच की मेंढरू. ते काय मला ठावं न्हाई का?"

"मग इतके दिवस टाळ्या कामून वाजवल्या?"

"समदेच वाजवायले व्हते."

यापेक्षा खरं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

सुरजच्या अंगात त्या दिवशी प्रथमच माणूस शिरला. तो गर्दीतून पुढे आला, बायकोचा हात धरला, "चल" म्हणाला. हरिओमला माझ्याकडेच ठेवून दोघं ॲटोनं परभणीला गेले. दीपिकाच्या जखमेत आणि दंडात सुया टोचल्या, पुढच्या तारखा दिल्या. एकही तारीख तिनं चुकवली नाही. आज ती धडधाकट आहे, हरिओम शाळेत जातो.

भुजंग ॲटोत बसला नाही. दैवशालानं हात धरला, सुरज पाया पडला. मी म्हणाले, "भुजंग, एडका खोटा निघाला, कुत्रं खरं व्हतं. चल."

"सुनेनं माह्या देवाची चारचौघांत मस्करी केली," तो म्हणाला, "आन् तुमी हसले. आता तिच्या मागं मागं जाऊन सुई घिऊ? मला चावलंच न्हाई."

त्याचा राग तात्यारावावर नव्हता. ज्यानं फसवलं त्याच्यावर माणूस रागावत नाही, ज्यानं ते दाखवलं त्याच्यावर रागावतो. दैवशाला नंतरही येत राहिली. तो हात पुढे करायचा. "बग, खपली पडली. जखम बुजली की इख कुठून ऱ्हातं?" डॉक्टरांनी निरोप पाठवला की उशीर झाला तरी या, अजून वेळ आहे. तोही त्यानं ऐकला नाही. मेंढरं घेऊन दूर रानात जाऊन बसायला लागला.

जून उजाडला तेव्हा त्याच्या त्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. मग झोप गेली. एके दिवशी दीपिकानं पाण्याचा तांब्या पुढे केला, तर तो तोंडाशी नेताना त्याचा गळा आवळला, तांब्या हातातून उडाला. त्यानं पुन्हा घेतला, पुन्हा तेच. पंख्याचा वारा लागला तरी दचकायचा. दीपिकाकडे बघून एवढंच म्हणाला, "पोरी, घसा ओढायलाय गं." ती पदर तोंडात कोंबून बाहेर गेली. परभणीच्या डॉक्टरांनी आम्हाला खोलीबाहेर नेऊन सांगितलं की आता कुणाच्याच हातात काही नाही.

तात्यारावनं त्याचंही भांडवल केलं. आमच्या माळावरून तर तो त्याच रविवारी गाशा गुंडाळून गेला होता, एडकाही मागेच सोडून. पण दुसऱ्या तालुक्यात नवा माईक लावून सांगत फिरला म्हणे, "पेडगावाकडं देवाचा कौल मोडला, बगा काय झालं!" कौल पाळणारा मरणाच्या दारात आणि मोडणारी घरात भाकरी थापतेय, हे कसं, असं विचारायला तिथे कुणी नव्हतं. टाळ्या मात्र पडल्या असतील.

म्हणून हे लिहिते आहे. जनावरांसोबत राहणाऱ्यांनो, जनावर खोटं बोलत नाही, पण ते तुमच्या प्रश्नाचं उत्तरही देत नाही. त्याला पाणी लागलं की ते झाडतं, रोग झाला की ते बदलतं. ते आपली गोष्ट सांगत असतं, आपण त्याच्या तोंडी देवाची घालतो. कुत्र्याचा आवाज बदलला, तोंड सैल पडलं, लाळ गळायला लागली, तर हाडूक शोधायला हात घालू नका, ते कुत्रं कितीही लाडकं असो. दात रुतला काय, नुसता ओरखडला काय, वाहत्या पाण्याखाली साबणानं धूत राहा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. उशीर झाला असेल तरी गाठा. लाजेनं, रागानं, मानापानानं घरी बसू नका. देवाला हात जोडायचे असतील तर सुई घेऊन आल्यावर जोडा, देव कुठे पळून जात नाही.

माझा धाकटा भाऊ भुजंग, मेंढरं पाळणारा, कुत्र्याच्या लाळेतून झालेल्या रोगानं परभणीच्या दवाखान्यात वारला. तारीख एकोणीस जून दोन हजार तेवीस, सोमवार, सकाळची वेळ.